जावळ आणि पिन

आमच्या घरात 'स' या अक्षराला फार मान होता. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, लग्नांना आणि यात्रांना स्पीकर लावायचे. रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, बॅटरी आणि लाकडी पेटीत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी, एवढा त्यांचा पसारा. नवी पिन बसवली की ते गाण्यातला 'स' ऐकायचे. 'सासू', 'सोनं', 'सखा' असले शब्द कर्ण्यातून स्वच्छ आले की मान हलवायचे. पिन जुनी झाली की हाच 'स' आधी फाटतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरतो. मग 'च' आणि 'श' बिघडतात, आणि शेवटी ढोलसुद्धा गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा वाटतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं आणि याचा मला अजून अभिमान आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तात्यांनी तरुणपणी मेंढरं त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे आबांच्या हवाली केली आणि कर्णे खांद्यावर घेतले. आबा त्यांना 'भोंगेराव' म्हणून चिडवायचे. तात्या म्हणायचे, "तुझी मेंढरं ओरडत्यात ती कोण ऐकतंय? माझा भोंगा चार गावं ऐकत्यात."

नव्वदनंतर सगळीकडे कॅसेट आली. बारामतीच्या स्पीकरवाल्यांनी रेकॉर्डी मोडीत काढल्या. तात्यांनी काढल्या नाहीत, कारण त्यांच्या पेटीत आमच्या देवाच्या ओव्यांच्या रेकॉर्डी होत्या आणि तशा ओव्या कॅसेटवर आल्याच नव्हत्या. शेजारच्या गावच्या चैत्रातल्या यात्रेचं काम एवढ्यासाठीच दरवर्षी तात्यांकडे यायचं. लग्नं कमी झाली, वाढदिवस गेले, दुकानांची उद्घाटनं गेली. यात्रा तेवढी राहिली होती. ती गेली असती तर धंदाच संपला असता.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हॉस्टेलवर राहायचे आणि शनिवारी एसटीने घरी यायचे. एका शनिवारी घरी आले तर तात्या ओसरीवर नुसते बसलेले. समोर प्लेअर उघडा, पण गाणं बंद.

"काय झालं?" मी विचारलं.

"पिना टिकंनात बघ आता. पूर्वी एक पिन आख्खी लगीनसराई काढायची. आता चार लग्नं झाली की 'स' गेला. वजन वाढवून बघितलं, तरी उड्या मारतीय."

पिन रेकॉर्डवरच्या रेघेतून उडू नये म्हणून तिच्या दांडीवर नाणं चिकटवायची आमच्याकडे रीत होती. तात्यांनी एकाची दोन नाणी केली होती. ओझं वाढलं की पिन रेघेत जास्त रुतते आणि रेकॉर्ड जास्त खाते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं की पिन आणि रेकॉर्ड एकमेकींना झिजवतात. झिजलेल्या पिनेला बारीक कडा येतात आणि त्या कडा रेघेची भिंत खरवडतात. म्हणून बिघडलेली पिन ते ओव्यांच्या रेकॉर्डीला कधी लावत नसत. तरीही त्यांनी दोन नाणी ठेवली होती, यावरून त्यांची अडचण मला कळली.

रविवारी त्यांच्यासोबत मी बारामतीला रेडिओच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. त्याने खण उपसून एक पिन काढली.

"तात्या, ही शेवटची. कंपनीकडनं यायचं बंद झालंय. कॅसेटचं मशीन घ्या आता, किती दिवस या सुया टोचत बसणार?"

"ओव्यांची कॅसेट आण, मग घेतो," तात्या म्हणाले.

"त्या कुठनं आणू?"

"मग सुया आण."

दुकानदार हसला, तात्याही हसले. पण परत येताना एसटीत ते म्हणाले, "यात्रेचं पंच सांगून गेल्यात. मागल्या साली ओव्या कळल्याच न्हाईत म्हणं. यंदा आवाज फुटला तर बारामतीचा कॅसेटवाला आणणार. तसं झालं तर मी एमआयडीसीत वाचमन म्हणून जातो. आबाच्या मेंढरामागं काय मी परत जायचो न्हाय."

शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं. मला ते वाचमनच्या कपड्यात दिसेनात. चार गावांना आवाज देणारा माणूस फाटकाशी मुका उभा राहणार, हे काही मनाला पटेना.

तात्या निकामी पिना फेकायचे, पण आई त्या उचलून कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकायची. लहान पोरांच्या पायात जातील म्हणून. ती डबी मी हॉस्टेलवर नेली. नेमकं काय बघायचं होतं ते मलाही सांगता आलं नसतं. पिन झिजते म्हणजे कशी दिसते, एवढं तरी डोळ्यांनी बघावं असं वाटलं.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी मॅडमना विचारलं. मॅडम कडक होत्या, पण गावाकडच्या मुलींना त्या कधी तोडून बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांनी डबी उघडली.

"हे काय आणलंस? कुठल्या किड्याचे पाय आहेत?"

"रेकॉर्डच्या पिना आहेत मॅडम. वडील स्पीकर लावतात."

"बरं. लाव सूक्ष्मदर्शकाखाली. मलाही बघू दे."

मॅडमनी आधी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "झिजली म्हणालीस ना? ही झिजलेली नाही गं. ही माखलेली आहे."

मी डोळा लावला. पिनेच्या टोकाला बसवलेला बारीक खडा गुळगुळीत, गोल आणि अखंड होता. पण त्याच्याभोवती पिवळट मेणासारखा लगदा बसला होता, आणि त्यात धूळ आणि केसासारखे तंतू रुतलेले. मॅडमनी चिमट्याने एक तंतू काढला, काचपट्टीवर घेतला आणि भिंग मोठं केलं.

"हे खवले दिसतात? कौलं रचल्यासारखे? सुती धाग्याला असे नसतात. हा केस आहे, लोकर. तुमच्याकडे लोकरीचं काय असतं?"

आमच्याकडे लोकरीचं काय नसतं?

रेकॉर्ड पुसायला तात्यांकडे पूर्वी मखमलीचा तुकडा होता. तो विरल्यावर आबांनी त्यांना कोकरांचं जावळ दिलं होतं. बाळाच्या पहिल्या केसांना जावळ म्हणतात, तसंच कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही आमच्याकडे जावळच म्हणतात. ती सगळ्यांत मऊ, आणि आमच्या घराण्यात देवाच्या वस्तूंना हीच लोकर लागते. ओव्यांच्या रेकॉर्डीला चरा पडू नये म्हणून तात्यांनी घरातली सगळ्यांत पवित्र आणि मऊ वस्तू काढली होती. पण ती न धुतलेली. मेंढराच्या अंगचा चिकटा तिच्यात तसाच होता. तो पुसताना रेघांत जायचा, त्यावर मंडपातली धूळ बसायची आणि पिन ते सगळं गोळा करायची. तात्या पिनेवरची दिसणारी लव फुंकून टाकत, चिकटा मात्र खड्यावर राही. म्हणजे पिना मेल्याच नव्हत्या. मॅडमनी प्रयोगशाळेतलं थोडं स्पिरिट आणि बारीक कुंचला दिला, आणि बजावलं, "हे फक्त पिनेला. जुन्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नकोस, काही रेकॉर्ड विरघळतात त्यात." त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा नेमके आबाही येऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. आबा उखडले.

"म्हंजी आमच्या लोकरीनं घाण केली म्हणायची? बारामतीला जाऊन पोरगी जावळाला नावं ठेवाय शिकली व्हय?"

"आबा, लोकर चांगलीच हाय. धुतली नव्हती, एवढंच."

"जावळ कोण धुतंय?"

तात्यांनी माझ्या हातातली पुसलेली पिन घेतली, प्लेअरला लावली, दोन्ही नाणी काढून बाजूला ठेवली आणि एक जुनं सिनेमाचं गाणं लावलं. ते कान देऊन ऐकत होते आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"पिन जिवंत हाय," ते म्हणाले. "पण रेकॉर्ड माखल्यात. त्यास्नी काय करायचं?"

स्पिरिट चालत नाही हे मी सांगितलं. पुढचं मला माहीत नव्हतं. तेव्हा आई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "लोकरीचा चिकटा रिठ्यानं जातोय की. घोंगडं कशानं धुतोय आपण?"

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "रिठं मी देतो." आबांची माफी मागायची पद्धत एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रेकॉर्डी धुतल्या. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस केला. मधल्या कागदावर पाणी जाऊ नये म्हणून तात्या रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेने धरायचे, आई जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने रेघेच्या दिशेने गोल पुसायची, मी साध्या पाण्याने विसळायचे. उन्हात रेकॉर्ड वाकते, म्हणून वाळवायची कुठे हा प्रश्न होता. आईने स्वयंपाकघरातलं ताटाळं आणून लिंबाच्या सावलीत ठेवलं. ताटं जिथे उभी राहायची तिथे काळ्या रेकॉर्डी उभ्या राहिल्या. वाटेने जाणारी एक बाई म्हणाली, "आज काय जेवायला भोंगं वाढायच्यात?" आई म्हणाली, "ये की, तुला गरम गरम वाढते."

डबीतल्या पिनाही एकेक करून पुसल्या. तात्यांनी प्रत्येक लावून बघितली आणि कानाने दोन वाटे केले. काही खरोखरच झिजलेल्या निघाल्या. त्या मी पुन्हा मॅडमकडे नेऊन बघितल्या, तर खड्याची एक बाजू तासल्यासारखी चपटी झालेली. तात्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. रोग एकच समजून त्यांनी दोन रोगांवर एकच औषध केलं होतं, एवढंच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरचं बी तसंच असतंय." आणि वाजणाऱ्या पिना त्यांनी कापसात गुंडाळून ठेवल्या.

यात्रेला मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेले. कर्णे देवळाच्या समोरच्या पिंपळावर बांधले होते. दिवस मावळायला पालखी निघाली, ढोल थांबले आणि तात्यांनी ओव्यांची रेकॉर्ड लावली. पहिल्या ओळीलाच देवळाच्या पायऱ्यांवरची म्हातारी माणसं गप्प झाली. त्यातल्या एकाने पुढची ओळ कर्ण्याच्या आधी म्हटली आणि मग कर्ण्याने ती शब्दन् शब्द तशीच म्हटली. आबा गर्दीत उभे होते. शेजारच्याला कोपराने ढोसून ते म्हणाले, "आवाज आमच्या भोंगेरावाचा हाय."

रेकॉर्ड चालू असतानाच पंचांतले एक म्हातारे आमच्या मंडपात आले. त्यांनीच मागच्या वर्षी तक्रार केली होती.

"तात्या, आवाजाला काय केलं यंदा? नवं मशीन घेतलं का काय?"

"न्हाय. धुतला," तात्या म्हणाले.

"आवाज?"

"व्हय. पोरीनं भिंगातनं बघितला आन् आमी धुतला."

म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकतीस का गं?" मी हो म्हटलं. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि सुपारी काढली. पुढच्या वर्षीचं काम सांगायचं तर आमच्याकडे अशीच सुपारी देतात. ती त्यांनी तात्यांपुढे धरली. तात्यांचे दोन्ही हात मोकळे होते, तरी त्यांनी ते पुढे केले नाहीत.

"हिच्या हातात द्या," ते म्हणाले.

पंच जरा थबकले, कारण मुलीच्या हातात सुपारी द्यायची तिथे रीत नव्हती. मग त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी काहीतरी बोलावं म्हणून तात्यांकडे बघितलं, पण त्यांचं लक्ष प्लेअरकडे गेलं होतं. ओवी संपत आली होती. शेवटच्या रेघेत पिन उगाच फिरत राहिली तर झिजते, म्हणून ते वाकून दांडी उचलण्याच्या तयारीत उभे होते.