समस्त गावकऱ्यांनी हजर राहावं

“तुला दवंडी द्यायला सांगितलं व्हतं. हितं यायला न्हाई.”

सरपंच हे बोलले तेव्हा मी चावडीच्या पायरीखाली, काढून ठेवलेल्या वहाणांच्या ढिगात उभा होतो. काखेत हलगी. मागं आमचा सगळा मांगवाडा. माझी म्हातारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

चूक माझीच. दवंडीतला शब्द मी खरा मानला. आदल्या दिवशी गावभर हलगी वाजवत ओरडलो होतो, नव्या गावठाणाची सभा हाय, समस्त गावकऱ्यांनी चावडीवर हजर राहावं. ओरडत ओरडत मांगवाड्यातही गेलो. आमच्या आळीत दवंडी द्यायची पद्धत नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण घोड नदीच्या पुरात सगळ्यांआधी आमच्या झोपड्या गेल्या होत्या, तिथंच पालं ठोकून राहत होतो. आता गाव वर माळावर हलणार होतं. मग समस्तमध्ये आम्ही नाही तर कोण?

सभा कसली, सगळं आधीच ठरलेलं. मोजणीदारानं नकाशा पसरला. देऊळ, चावडी, शाळा, विहीर, सगळं माळावर. सरपंचांच्या भावकीची घरं विहिरीला लागून. आमची जागा मी पायरीखालूनच मान लांब करून पाहिली. ओढ्याच्या तोंडाशी. तिथं मी गुरं राखलेली, पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं. माझी कानशिलं तापली.

सरपंचांना म्हणालो, “आबा, तितं पाणी भरतं. आखायच्या आदी आमाला एकडाव इचारायचं तरी.”

चावडी हसली. मांगाला विचारून गाव वसवायचे दिवस आले का, असं कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांत माझ्या वर्गातले दोघं होते. वर्गातले म्हणजे ते आत बसायचे, मी बाहेर ओट्यावर. आईनं मान खाली घातली. मला तिचा राग आला, मग माझाच आला.

सभा मोडली तसं मोजणीदारानं मला बोलावलं. कागद पुढं केला, शाईचा डबा उघडला. दवंडी दिल्याची खूण म्हणून दवंडीवाल्याचा अंगठा लागतो म्हणे, त्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. मला वाचता येतं हे ते विसरले होते. ओट्यावर बसून का होईना, चार यत्ता शिकलो होतो. कागदावर लिहिलं होतं, समस्त गावकऱ्यांना दवंडीने कळवून, सर्वांच्या संमतीने.

मी अंगठा मुठीत दाबला.

“समस्त आलं व्हतं. तुमी भाईर उभं केलं. तसं लिवा, मग सही करतो.”

सरपंचांचा आवाज चढला. बलुतं बंद करीन म्हणाले, गावात पाऊल टाकू देणार नाही म्हणाले. पण मूठ उघडली नाही.

हलगी मी त्या वहाणांच्या ढिगात ठेवून दिली. आईचा हात धरला आणि सगळ्यांदेखत आमच्या माणसांना सांगितलं, उद्या उजाडताच बिऱ्हाडं उचलायची. ओढ्याकडं जायचं नाही. माळावर जायचं, विहिरीच्या अंगाला, मोजणीदाराच्या चुन्याच्या रेघा पडायच्या आधी.

मग सरपंचांकडं वळलो.

“उठवायला यायचं तर या. दवंडी मातर आता तुमीच द्या.”