सुळ्यांची खोली

आमच्या इथल्या, परदेशातल्या कॅसल हिलच्या घरात खाली झोपायची एकच खोली आहे, बाथरूमला लागून. तिथे माझ्या नवऱ्याचे वॉलरसचे सुळे राहतात. राहतात म्हणजे अगदी थाटात राहतात. काचेचं कपाट, मंद दिवे, रात्रंदिवस एसी. हवा जरा बदलली की म्हणे ते तडकतात.

कामासाठी अलास्काला गेला होता, तिथून हा नाद घेऊन आला. शेकडो वर्षं गोठलेल्या जमिनीत पडून जीवाश्म झालेले, तपकिरी पडलेले सुळे. तिकडचे शिकारी लोक ते उकरून काढतात, कोरतात, विकतात. वस्तू सुंदर आहेत, नाही कशाला म्हणू? माझा राग सुळ्यांवर नाहीच.

गेल्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या. सासरे गेल्यावर त्या एकट्याच होत्या आणि आता आमच्याकडेच राहावं असं त्यांच्या मनात होतं. गुडघे पार कामातून गेलेले. मी म्हटलं, "आईंना खालची खोली दे." तर हा म्हणतो, "अगं, हलवाहलवीत तडे जातील त्यांना." मुलगी म्हणाली, "डॅड, जस्ट मूव्ह द बोन्स." तिच्यावरच खेकसला. आई वरच्या खोलीत गेल्या. जिना बसत बसत उतरायच्या, दोन्ही हात टेकून. पुढेपुढे उतरायच्याच बंद झाल्या आणि मी ताट वर न्यायला लागले.

एका रविवारी याचे ऑफिसातले मित्र जेवायला आले. हा सुळ्यातून कोरलेली सुरीची एक जुनी मूठ हातात घेऊन सांगत होता, "बघा, कुणा म्हातारीच्या हातानं झिजली असेल. काय मान होता या लोकांत म्हाताऱ्या माणसांना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुझी म्हातारी वर बसलीय. तिला आणतोस का जेवायला खाली?" सगळे हसले. त्यांना वाटलं, नवरा-बायकोची थट्टा चाललीय. मेला हाही हसला.

सासूबाईंनी वरून ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ गं. आणि त्याला बोलू नकोस, एकेकाला नाद असतो." मी बोलले. भरपूर बोलले. उपयोग शून्य.

आता त्या पुण्यात वृद्धाश्रमात असतात. हा दर आठवड्याला त्यांना फोन लावतो, स्पीकरवर, मलाही ऐकू येतं.

"आई, तळमजल्यावर खोली मिळाली ना तुला, फार छान झालं. जिन्याची कटकट नाही."

"हो रे बाळा," त्या म्हणतात, "इथे तेवढी सोय केलीय माझी."