समुद्र न पाहिलेली मंडळी

दर रविवारी हातमोजे घालून गोदावरीच्या घाटावर कॅरीबॅगा वेचायच्या म्हटल्यावर कचऱ्यासोबत किस्सेही गोळा होतातच. आमची नांदेडची गँग चौघांची. बिलोलीकडच्या शेतकऱ्याचा बालाजी, टेलरची मुलगी समीना, नर्सिंगची गंगासागर आणि मी. चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता!

* * *

पहिल्या रविवारी 'समुद्र वाचवा' असा बोर्ड घेऊन घाटावर उभे राहिलो. एक आजोबा थांबले.

"समुद्र? नांदेडात? रस्ता चुकले का रे बाबांनो?"

बालाजी म्हणाला, "आजोबा, इथं टाकलेली कॅरीबॅग वाहत वाहत तिकडंच जाती."

"मंग तिकडल्यांनी उचलावी की!"

* * *

समीनाच्या अब्बांनी उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. मखमली काठ, आतून अस्तर! नायगावच्या बाजारात आम्ही त्या फुकट वाटल्या. पुढच्या बाजाराला एक मावशी दिसल्या. हातात कॅरीबॅगच!

"मावशी, पिशवी कुठंय?"

"कपाटात ठिवली. एवढी झ्याक पिशवी, तिच्यात काय वांगे आनू व्हय?"

अब्बांना सांगितलं, तर ते दिवसभर खूश!

* * *

एका शाळेत गंगासागरनं भाषण ठोकलं. कासवाच्या पोटात प्लॅस्टिक, माशांच्या पोटात प्लॅस्टिक. शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"ताई, तुमी समुद्र पाहिला का?"

"न्हाई गं."

"मंग त्याची एवढी काळजी कामून करता?"

गंगासागर नुसती हसली. परतताना जीपमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली होती.

* * *

समुद्राला जायचं तर दरवर्षी ठरायचं! कधी गंगासागरची परीक्षा, कधी बालाजीचं सोयाबीन काढायला आलेलं, कधी समीनाच्या बहिणीचं लग्न. शेवटी वैतागून समीना म्हणाली, "समुद्र नाही तर नाही, धबधबा तरी दाखवा!"

गेलो इस्लापूरला, सहस्रकुंडावर. पण तिथं खडकाखडकांत वेफर्सची पाकिटं अन् पाण्याच्या बाटल्या. चौघांचेही हात शिवशिवले. संध्याकाळी घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, "कैसा था धबधबा?"

समीना म्हणाली, "क्या मालूम, अब्बा. गर्दन नीचेच थी!"

* * *

मग गंगासागरला रत्नागिरीत नोकरी लागली. स्टँडवर तिला सोडायला गेलो, तेव्हा बालाजी मोठ्यानं म्हणाला, "पोचल्या पोचल्या फोन कर. आदी समुद्र, मंग रूम!"

दुसऱ्या दिवशी बालाजीच्या घरी अंगणात बसलो होतो. त्याची आई शेंगा फोडत होती. फोन आला. बालाजीनं स्पीकरवर टाकला.

"आले मी," गंगासागर म्हणाली. "समोरच हाय."

"कसा हाय?"

ती म्हणाली, "थांबा, तुमीच ऐका," आणि फोन लाटांकडं धरला. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. समीनानं डोळे मिटून घेतले. बालाजीच्या आईचे हात शेंगांवरच थांबले.

"कोन रडून राहिलं रे तिकडं?"

"कोनी न्हाई माय. समुद्र हाय."

"मंग गप का बसला? बोल की त्याच्यासंगं!"

बालाजीनं फोन तोंडाजवळ नेला. घाटावर तासभर भाषण करणारा हा गडी! घसा खाकरला. आमच्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला,

"जेवलास का?"