उत्तर देऊ नका, मॅडम

आमची ही विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते, आणि घरी बाकीचं सगळं शिकवते. माझं चष्म्याचं दुकान आहे. चौकाच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाला लागून. ही पहिल्यांदा तिथं आली ती फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला, आणि स्क्रू बसेपर्यंत मला माझ्याच दुकानाची मांडणी कशी चुकली आहे ते समजावून गेली. पुढं वर्षभरानं तिनंच मला विचारलं, "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? कराल, न करायला काय झालं!" मी तोंड उघडलं होतं हो, पण तोवर ती तारीख ठरवायला लागली होती.

तर ही अशी बाई. मनानं सोनं, पण प्रश्न विचारला की उत्तरही तीच देणार. "चहा घेता? नको, आत्ताच झालाय." "भाजीत मीठ कमी आहे का? नाही, बरोबर आहे." विद्यार्थ्यांनी तिचं नाव रेडिओ ठेवलंय. ते तिला माहीत आहे, आणि तिला ते कौतुक वाटतं. आता मी काय बोलणार!

त्या आठवड्यात विद्यापीठातून फर्मान निघालं की सगळ्या प्राध्यापकांनी अध्यापन कौशल्याच्या कार्यशाळेला बसायचं. सोमवार ते शुक्रवार. सबब चालणार नाही. हिच्या नाकाला अश्शा मिरच्या झोंबल्या! "इतकी वर्षं शिकवतेय मी. आता मला कोण शिकवणार? कुणी नाही!" असं म्हणत ती तयार होऊन गेलीसुद्धा.

पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मला वेगळीच काळजी होती. आमची लेक शिक्षण संपवून घरी आली होती, आणि शनिवारी तिची हिच्याच विभागात संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत होती. हिनं ते सगळं जमवलेलं. कुठल्या टेबलावर बसेल, कुठल्या कपाटाची किल्ली तिला मिळेल, इथपर्यंत ठरलं होतं. फक्त लेकीला ते नको होतं. तिनं मला एकट्याला दुकानात गाठून सांगितलं, "बाबा, मला संशोधन नाही करायचं. पण आईला मीच सांगणार. तू मधे पडू नकोस, शप्पथ घे." घेतली शप्पथ. आणि खरं सांगू? आतून मला गुदगुल्या झाल्या. संशोधन नाही म्हणजे दुकान! माझ्यानंतर दुकानाचं काय, या काळजीनं मी किती दिवस कुढत होतो. मी लगेच तिला म्हणालो, आतली खोली तुझी, डोळे तपासायचं नवं यंत्र घेऊ, तरुण गिऱ्हाईक येईल. ती ऐकत होती बिचारी. लेन्स पुरवणाऱ्याच्या कानावरही मी घालून ठेवलं, आता पुढची पिढी येतेय म्हणून.

प्रश्न एवढाच होता की शनिवारच्या आत पोरगी आईला सांगणार कशी. मुलाखतीत एकदा होकार दिला की सुटका नव्हती. हिनं अख्ख्या विभागाला शब्द दिला होता.

सोमवारी जेवताना लेकीनं सुरुवात केली. "आई, ते शनिवारचं..."

"शनिवारचं ना? निळा ड्रेस इस्त्रीला दिलाय. घाबरायचं कारण नाही. भीती वाटतेय का? नाही वाटत, माझी मुलगी आहेस!"

झालं. पोरगी ताटात बघत बसली. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, तर तो हिचा निघाला. "काय हो, पाय का मारताय? जागा पुरत नसेल, खुर्ची मागं घ्या."

कार्यशाळेच्या गमती मात्र ही रोज रंगवून सांगायची. प्राध्यापक मंडळी म्हणजे काय वर्णावी! एरवी मागच्या बाकावरच्या पोरांना झापणारे हे लोक सभागृहात शिरले ते थेट शेवटच्या रांगेकडं. जागेसाठी ढकलाढकली. एक इतिहासवाले सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच घेऊन आलेले, दोन्ही वेळा चहा झाला तरी मान वर नाही. दोघी तिघी एकमेकींच्या हजेरीच्या सह्या करत होत्या. आणि पहिल्या तासातच कुणीतरी विचारलं, "प्रमाणपत्र कधी मिळणार?" मग खुर्च्या गोल मांडा, रंगीत कागदावर शेजाऱ्याचा गुण लिहा, त्याच्या पाठीला चिकटवा, असले खेळ. हिच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर होतं, 'भरपूर बोलतात.' ते वाचून ही खूष.

शिकवणारा प्रशिक्षक हिचाच जुना विद्यार्थी निघाला. कोवळं पोर, दाढी ठेवून मोठं दिसायची धडपड. "माझ्याच वर्गात तीन वर्षं बसलेलं ध्यान," ही म्हणाली. "आठवतोय का मला? नाही, अजिबात नाही. तोंडातून कधी ब्र काढला असेल तर शपथ."

मंगळवारी ते ध्यान कॅमेरा घेऊन हिच्या वर्गात जाऊन बसलं. प्रत्येकाचा एकेक तास टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बघायचा, अशी त्याची पद्धत.

बुधवारी ही घरी आली ती न बोलता. मी घाबरलो. ताप असेल म्हणून कपाळाला हात लावायला गेलो, तर तिनं फोन माझ्या हातात दिला. "बघा."

त्यात हीच होती. फळ्यासमोर, खडू हातात, जोरात. "बर्फ पाण्यावर का तरंगतो? कारण त्याची घनता कमी. घनता कमी का? कारण रेणूंच्या मधे जागा राहते. जागा का राहते? कारण रेणूंची मांडणीच तशी. कळलं ना? कळलं." मला त्यात नवल काय ते समजेना. घरी रोज हेच ऐकतो.

"मला नका बघू हो. दुसऱ्या रांगेतली ती मुलगी बघा."

पाहिलं. हिनं 'का तरंगतो' म्हटल्याबरोबर एका मुलीचा हात वर आला. अगदी उत्साहानं, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात हिचं उत्तर देऊन झालं. हात खाली. पुढच्या प्रश्नाला पुन्हा अर्धा वर, पुन्हा खाली. तिसऱ्याला ती वहीत फुलं काढत होती.

"भर सभागृहात दाखवलं," ही म्हणाली. "तो म्हणाला, मॅडम, प्रश्न विचारून झाला की आपण तोंड मिटायचं आणि कुणीतरी बोलेपर्यंत उघडायचं नाही. कितीही जड गेलं तरी. मी म्हटलं, अरे, कुणी बोललंच नाही तर? तर म्हणतो कसा, मॅडम, मी तीन वर्षं बोलायला तयार होतो."

डोळे पुसले हिनं. या बाईला मी कधी हातपाय गाळलेलं पाहिलं नव्हतं. वाटलं, जाऊन त्या दाढीवाल्याला चार शब्द सुनवावेत. पण लेक दारात उभी होती, तिनंही ते सगळं ऐकलं होतं. ती आत आली, आईच्या शेजारी बसली, म्हणाली, "आई, मला तुला..."

"काही नाही गं, डोकं दुखतंय जरा," ही म्हणाली, आणि उठून गेली. डोंबल! ऐकलं ते सगळं त्या कानानं आत आणि या कानानं बाहेर!

गुरुवारी कार्यशाळेआधीच्या तासाला मात्र तिनं करून पाहिलं. वर्गात प्रश्न टाकला आणि तोंड मिटून टेबल घट्ट धरून उभी राहिली. पोरांना वाटलं मॅडमना चक्कर आली. एक जण धावत पाण्याची बाटली घेऊन आला, एकीनं खिडकी उघडली. ही तश्शीच, बोटं टेबलात रुतवून. "जीव जातो की काय असं वाटलं हो! जिभेवर उत्तर नाचत होतं." मग ती दुसऱ्या रांगेतली मुलगी बोलली. साफ चुकीचं बोलली. ही तरी गप्प. मग मागचा एक जण म्हणाला, असं कसं, आणि दोघांची जी जुंपली, की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. ही सांगताना नुसती फुलली होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा मी दुकानात पळालो.

शुक्रवार उजाडला. लेकीचा चेहरा एवढासा झालेला. मी म्हटलं, "अगं, चिठ्ठी लिही, नाहीतर सरळ आजारी पड." ती म्हणाली, "नाही बाबा, तोंडानंच सांगायचंय." संध्याकाळी ही प्रमाणपत्र मिरवत आली, ते फ्रिजवर लावलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

"उद्या सकाळी निघायचं ना तुला?" हिनं विचारलं.

सवयीनं आम्ही दोघं पुढचं वाक्य यायची वाट बघत राहिलो. निळा ड्रेस, वेळेवर निघ, घाबरू नकोस. ते आलंच नाही. हिनं चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. अरे बोला रे कुणीतरी! लेकीनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा आईकडं.

"नाही आई," ती म्हणाली. "मला जायचं नाहीये. मला संशोधन नाही करायचं. कधीच नव्हतं करायचं."

हिचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ उघडले. मला वाटलं, आता सुटणार गाडी. पण ओठ मिटले. टेबलाची कड धरलेली तिची बोटं मला दिसत होती. बऱ्याच वेळानं ती एवढंच म्हणाली, "मग?"

आता मात्र मला राहवेना. शप्पथ संपली होती, पोरीनं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "मग काय! आपलं दुकान आहे की! आतली खोली तिची, नवं यंत्र येतंय, मी सगळं बघून ठेवलंय. दोन वर्षांत अशी तरबेज होईल की..."

"अहो," ही हळूच म्हणाली, "तिला विचारलंय."

लेक ताटातल्या पोळीचे तुकडे करत होती. "बाबा, मला दुकानही नकोय."

"पण तूच तर म्हणालीस!"

"मी संशोधन नको एवढंच म्हणाले होते. पुढचं सगळं तू बोललास."

ती रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी मायेनं बोलली, मला लागू नये अशा बेतानं. मी आठवून पाहिलं. आतली खोली, यंत्र, तरुण गिऱ्हाईक, सगळं माझंच. तिचा एक शब्द आठवेल तर शपथ! दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरतो आणि विचारतो, हे स्पष्ट दिसतं की ते? आणि उत्तर येईपर्यंत मुकाट थांबतो. परक्या माणसांसाठी थांबतो. पोटच्या पोरीला मी विचारलंसुद्धा नव्हतं. हातातला घास मी ताटात परत ठेवला.

ही मला काही बोलली नाही. बोलण्यासारखं खूप होतं, आणि तिचा हक्कही होता.

"काय हवंय तुला?" मी लेकीला विचारलं, आणि गप्प बसलो. फार वाईट अवस्था असते हो ती. आपण नापास झालोय आणि निकाल समोरच्याच्या हातात आहे, असं वाटतं.

"नक्की नाही माहीत," ती म्हणाली. "तीन-चार गोष्टी डोक्यात आहेत. काही अगदी वेड्या आहेत. सांगू?"

आम्ही दोघांनी नुसत्या माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी मुलाखतीची वेळ आली आणि गेली. आम्ही तिघं त्याच टेबलाशी बसलो होतो, दुकान बंद होतं, आणि आमची लेक अजून बोलत होती.