शेषरावांची परवान्याची बंदूक

सोनाळ्याच्या शेषरावांचं शेत सातपुड्याच्या पायथ्याला. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं कळपानं उतरत आणि उभं पीक लोळवून जात. त्यांची बायको झुंबरबाई शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबा बडवत. पण डुकरं तो आवाज पंगतीचं बोलावणं समजू लागली होती. शेवटी शेषरावांनी बंदुकीसाठी अर्ज केला.

चौकशीला जमादार आला तो भर दुपारी. झुणका-भाकर जेवला, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून नजर फिरवली आणि म्हणाला, "डुकरं तर कुठंच दिसत नाहीत."

"तुमी येनार हे त्यायले कोनी सांगितलं नसन," झुंबरबाई म्हणाल्या. "समन्स धाडा."

पुढं बऱ्याच खेपा घातल्यावर परवाना आला. ठासणीची बंदूक, पिकाच्या रक्षणापुरती, आणि फक्त स्वतःच्या शेतात. शेषराव कायद्याला देवाइतकं भिणारे. पहिल्याच दिवेलागणीला थोराड डुक्कर आलं, ते धुऱ्यापलीकडं, उत्तमराव देशमुखांच्या शेतात. शेषरावांनी नेम धरला आणि बंदूक खाली घेतली.

"काऊन थांबले?" माळ्यावरून झुंबरबाईंनी विचारलं.

"ते देशमुखाच्या हद्दीत हाय. परवान्यात बसत नाई."

"मंग त्याले इकडं बोलवा!"

शेषरावांनी खरोखरच ढेकूळ फेकून मारलं. डुक्कर हद्दीत आलं, पण थेट अंगावर. शेषराव बाभळीवर चढले, बंदूक खाली राहिली.

देशमुखांकडंही दुनळी बंदूक होती. ते सरकारच्या मर्जीतले, त्यामुळं त्यांच्याकडं जमादार जेवायला आला तोच मुळी परवाना घेऊन. दसऱ्याच्या पूजेखेरीज ती बंदूक बैठकीच्या भिंतीवरून कधी उतरली नाही.

बेचाळीस साली शहरांतून चळवळ पेटली आणि हुकूम सुटला, बंदुका ठाण्यात जमा करा. जमादार पुन्हा दारात.

"साहेब, माह्या डुकरायनं चळवळीत भाग घेतला नाई," शेषराव हात जोडून म्हणाले.

बंदूक गेली. देशमुखांची भिंतीवरच राहिली. मग शेषराव आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून काट्यांचं कुंपण घातलं, कुत्री पाळली, पाळीपाळीनं राखण केली. डुकरं बिचारी देशमुखांच्या शेताकडं वळली.

महायुद्ध संपल्यावर बंदूक परत मिळाली. नळी गंजली होती, घोडा हलत नव्हता. शेषराव ती घेऊन तहसिलीत गेले.

"हे ठेवून घ्या. आता डुकरं येत नाईत."

कारकुनानं मान डोलावली. "पाहा, बंदुकीचा केवढा धाक! असं हत्यार सरकार परत कसं घेईल?"

"अहो, ते तर तुमच्याच कोठडीत होतं!"

"म्हणून तर सुरक्षित राहिलं," म्हणत कारकुनानं परवान्याच्या नूतनीकरणाचा शिक्का उमटवला.

बंदूक खांद्यावर टाकून शेषराव गावात शिरले. कालपर्यंत ज्यांनी रामराम घेतला नव्हता, ते वाट सोडून उभे राहिले. उत्तमराव देशमुखांनी तर ओट्यावरून हाक मारली, बैठकीत लोडाशी बसवलं आणि कपबशीतून चहा दिला. शेषराव चहा फुंकत विचार करत होते, ज्वारी राखणाऱ्या कुत्र्यांना मात्र अजून कोणी बसा म्हटलेलं नाही.