तापलेल्या प्रोसेसरवरचं पाणी
परवा राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलो आणि नव्या मदरबोर्डचा तो वास नाकात गेला. कॉलेजात असताना हुपरीहून एसटीनं खेपा घालून, दुकानदाराचं डोकं खाऊन मी प्रोसेसर आणि मदरबोर्ड निवडला होता; कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येईल असा. पळवला की तो तापायचा, म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढूनच ठेवलेलं. घरी त्याच खोलीत वडील पैंजणांच्या कड्या डाग देऊन जोडायचे आणि तापलेली चांदी शेजारच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचे. एका दुपारी त्यांनी सहज डब्यात बोट लावलं. "आयला, लई तापलंय की रं!" म्हणाले, आणि मी वळायच्या आत घमेल्यातलं ओंजळभर पाणी त्यांनी आत ओतलंसुद्धा. फट्ट आवाज झाला, पडदा काळा पडला. "तापल्यावर पाणी नको व्हय?" एवढंच ते बोलले, तेही पांढरेफटक पडून. परवा त्या दुकानातला पोरगा काचेआडची नळी दाखवून सांगत होता, "हे नवीन मॉडेल हाय, प्रोसेसर पाण्यानं गार करतंय." सोबत आलेले वडील भर दुकानात माझ्यावर ओरडले, "मग? मी काय वेगळं केलतं?"