कुंभिवलीला मधू मागे फिरला

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी नुकताच शाळेतून येऊन दारात चपला काढत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. छातीत कळ आली आणि कडावहून कर्जतला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना होत आला. माझ्या या बालमित्राविषयी, मधूविषयी, चांगलं लिहावं असं पुष्कळ आहे, पण मला सारखी आठवते ती शरमेनं खाली गेलेली त्याची मान.

शेतकी शिकून मधू नाशिककडे फवारणी यंत्रांच्या एका छोट्या कंपनीत लागला होता. द्राक्षवेलींच्या पानांना पिवळ्या कागदाचे तुकडे लावायचे आणि यंत्राने नुसतं पाणी फवारायचं. थेंब पडला तिथं कागद निळा होतो. फवारा आतल्या पानांवर, पानांच्या मागं पोचतो का, ते त्यावरून कळतं. बुरशी धरते ती तिथंच. नव्या यंत्राच्या वेळी वरिष्ठांना घाई होती. मधूने कागद लावले ते बाहेरच्या, दर्शनी पानांवर. सगळे निळे झाले, यंत्र पास झालं, विकलं गेलं. पुढे दमट हवेत बागा गेल्या तेव्हा तो नोकरी सोडून कडावला भातशेतीकडे परतला. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही.

मला ते कळलं मागच्या उन्हाळ्यात. मधूच्या मोटारसायकलवरून आम्ही दोघं खालापूरचं काम आटोपून परतताना कुंभिवलीला हायवेच्या कडेला नाशिकच्या द्राक्षांचा टेंपो दिसला. मुलगा तोलत होता, म्हातारे वडील बाजूला बसले होते. मधूला बघताच ते उठले. "साहेब, तुम्ही! आमच्याच बागेत मशीन तपासलं होतं ना?" मग मुलाला म्हणाले, "मशीन चांगलंच होतं यांचं. माझाच हात बसला नाही. बाग गेली ती माझ्यामुळं."

"म्हणून तर आता यांना फवारणीला हात लावू देत नाही," मुलगा म्हणाला. म्हातारे ओशाळं हसले आणि त्यांनी मधूच्या हातात एक घड ठेवला.

मधूने मोटारसायकल सुरू केली. थोडं पुढे येऊन थांबवली आणि माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. "घड घेऊन आलो रं मी... तोंडातून शब्द नाय निघाला."

"आता सांगून काय होणार? चल," मी म्हटलं.

त्याने गाडी मागे फिरवली.

टेंपोपाशी गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोरच तो बोलला. "बाबा, हात तुमचा चुकला नव्हता. मशीनचा फवारा आत पोचतच नव्हता. मला ठाऊक होतं. मी कागद बाहेरच लावले."

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "मग इतकी वर्षं माझ्या घरात मी..." मधूला माफी मागणंही जमलं नाही. मुलगा काट्याकडे बघत राहिला, मग बाजूला सरला. "बाबा, तुम्ही तोला."

परतीच्या वाटेवर मधू एकच बोलला. "हा भेटला. बाकीचे?"

परवा कडावला गेलो. मागच्या दारी घोसाळ्याचा मांडव आहे. त्याच्याखाली उकिडवा बसून तो रोज पानं खालून न्याहाळायचा, असं वहिनी सांगत होत्या. मांडवाखाली सगळीकडे गवत माजलंय. तो बसायचा तेवढी जागा मात्र अजून उघडीच आहे.